संगणकावरचे सुलतान आणि दौलताबादचे सुलतान



स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप बॅचच्या ग्रुपवर आला तोवर शाळेच्या आठवणी, कविता आणि परदेशातले अनुभव हे विषय बाकीच्यांनी वाटून घेतले होते. माझ्या वाट्याला ‘इतिहासावर काहीतरी’ उरले. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, बँकेत नोकरी करतो. पण गेली दोन-तीन वर्षे एका प्रश्नामागे वाचन चालू आहे. तो प्रश्न माझ्या मुलाने विचारला आणि त्याचे मूळ आपल्या बॅचमध्ये आहे. म्हणून तोच विषय घेतो.

दहावीची परीक्षा संपली ती २००१ ची सुट्टी आठवा. निराला बाजारजवळच्या सायबर कॅफेत आपण पाच-सहा जण तासाचे पैसे वर्गणीने भरून ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग खेळायचो. १९९९ साली आलेला हा खेळ. तेरा संस्कृतींपैकी एक निवडायची, शेती करायची, लाकूड तोडायचे, सोने खणायचे, किल्ला बांधायचा आणि शेजाऱ्यावर चाल करून जायचे. त्या तेरांत मुसलमानी म्हणता येतील अशा तीन संस्कृती होत्या: सारासेन, तुर्क आणि पर्शियन.

आता हाच खेळ नव्या रूपात माझा मुलगा खेळतो. एकदा त्याने विचारले, “बाबा, यातले खरे किती?” मी बेधडक म्हणालो, “बरेचसे.” मग वाचायला लागलो आणि माझेच उत्तर मला खोडावे लागले.

सारासेन या नावापासूनच घोळ आहे. हे नाव युरोपातल्या ख्रिस्ती लेखकांनी रूढ केलेले. तिथल्या कुठल्याही राज्याने ते स्वतःसाठी वापरले नाही. खेळात अरब खलिफा, सलाहुद्दीनचे अय्युबी घराणे आणि इजिप्तचे मामलुक सगळे या एका नावाखाली कोंबले आहेत. सलाहुद्दीन वंशाने कुर्द होता. १२५० ते १५१७ पर्यंत इजिप्तवर राज्य करणारे मामलुक हे मुळात विकत घेतलेले लढवय्ये गुलाम. आधी बहुतेक किपचाक तुर्क, पुढे सर्केशियन. खेळातला मामलुक उंटावर बसून तलवारी फेकून मारतो. तो आपल्याला फार आवडायचा. खरा मामलुक घोडेस्वार होता. धनुष्य, भाला आणि तलवार ही त्याची हत्यारे. तलवार फेकून दिल्यावर पुढची लढाई त्याने कशाने करायची, हा विचार त्या सुट्टीत आपल्यापैकी कुणीही केला नाही.

तुर्कांना मात्र खेळाने न्याय दिला आहे. बंदुका आणि तोफा ही त्यांची ताकद दाखवली आहे आणि १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल घेणाऱ्या उस्मानी तुर्कांच्या तोफा प्रसिद्धच आहेत. या विद्येचा एक धागा आपल्याकडेही पोचतो. विजापूरची ‘मुलूखमैदान’ तोफ १५४९ साली अहमदनगरला, निजामशाहीत ओतली गेली. ती ओतणाऱ्याच्या नावात ‘रूमी’ आहे, म्हणजे तो उस्मानी मुलखाकडचा. नगरच्या सुलतानाकडे तुर्की तोफ ओतणारा! खेळात तुर्कांचा खास बंदूकधारी फक्त तुर्कांकडेच मिळतो.

हिंदुस्थानचे काय? आपण खेळत होतो तेव्हा हिंदुस्थान त्यात नव्हताच. २०१३ मध्ये ‘इंडियन्स’ अशी एकच संस्कृती आली. २०२२ मध्ये तिच्या जागी हिंदुस्तानी, गुर्जर, द्रविड आणि बंगाली असे चार गट आले. दिल्लीचे सुलतान आणि मोगल हिंदुस्तानींत धरले आहेत. त्यांना खेळाने जबरदस्त उंटदळ दिले आणि जड घोडदळ नाकारले. प्रत्यक्षात दिल्लीच्या सुलतानांची सारी भिस्त घोड्यावर. सैन्यातला घोडा बदलून भलताच दाखवला जाऊ नये म्हणून अल्लाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग देण्याची पद्धत चालवली होती. १२९६ साली तो आपल्या देवगिरीवर आला तोही घोडदळ घेऊनच.

आणि दख्खन? त्याचा वेगळा गट नाहीच. १३४७ साली बहमनी राज्याची सुरुवात झाली ती दौलताबादला, आपल्या शहरापासून सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर. आपण सातवीच्या सहलीत अंधारीतून ओरडत गेलो आणि चांद मिनारापुढे ओळीने उभे राहून फोटो काढला, तो मिनार बहमनींचाच. पुढे त्या राज्याच्या निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही, इमादशाही आणि बरीदशाही अशा पाच शाह्या झाल्या. पाठ्यपुस्तकात हे एका परिच्छेदात उरकले होते. खेळात तेवढेही नाही.

पण उंट-घोड्यांच्या चुका किरकोळ म्हणायच्या. मोठी चूक मला वेगळीच वाटते. खेळात प्रत्येक गटाला एक रंग असतो. निळा तो निळा, तांबडा तो तांबडा. एका गटाची माणसे, भाषा, धर्म, इमारती सगळे एकसारखे. दख्खनच्या सुलतानांना हा नियम लावला तर पहिल्या पानावरच अडायला होते.

निजामशाहीचेच बघा. फिरिश्ता हा त्या काळाचा इतिहासकार सांगतो की, या घराण्याच्या संस्थापकाचा बाप जन्माने ब्राह्मण होता. राज्याच्या पडत्या काळात सारा कारभार हाती घेतला तो मलिक अंबरने. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. त्यानेच १६१० साली खडकी वसवली, म्हणजे आजचे आपले शहर. भडकल दरवाजा आणि नहरे अंबरी ही त्याचीच कामे. त्याच्या फौजेत वेरूळच्या भोसल्यांसारखी मराठा घराणी होती. गावोगावचे महसुलाचे कागद मराठीत, मोडी लिपीत लिहिले जात. दरबारात दख्खनी मुसलमान आणि इराण-तुराणातून आलेले ‘आफाकी’ यांचे हाडवैर. त्याच वैरातून बहमनींचा कर्तबगार वजीर महमूद गावान १४८१ साली मारला गेला. दोन्ही बाजूंना मुसलमानच होते. याला कुठला रंग द्यायचा?

भातवडीची लढाई तर रंगांचा पुरता गोंधळ करून टाकते. १६२४ साली अहमदनगरजवळ ती झाली. एका बाजूला मोगल आणि आदिलशाही यांची एकत्र फौज, दुसऱ्या बाजूला मलिक अंबरची निजामशाही. अंबरने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि मग लढाई दिली. त्याच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी लढले. शरीफजी तिथे कामी आले. समोर मोगलांच्या बाजूला लखुजी जाधवराव, म्हणजे शहाजीराजांचे सासरे. पुढे शिवरायांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदांनी ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात ही लढाई वर्णिली. त्यात मलिक अंबरच्या पराक्रमाचीही स्तुती आहे.

याचा अर्थ तो काळ गोडीगुलाबीचा होता असे नाही. मुलूख जाळले जात, देवळे पाडली जात, धर्माच्या नावाने फौजा चालून येत. लखुजी जाधवराव पुन्हा निजामशाहीत आले, तर १६२९ साली दौलताबादच्या किल्ल्यात दगा करून त्यांना मारले गेले. पण कोण कुणाच्या बाजूने उभे राहील हे जहागीर, वतन, भाऊबंदकी आणि दिलेला शब्द यांवर ठरत असे. नुसत्या धर्मावर ते ठरत नसे. खेळातही माणूस बाजू बदलतो. साधू मंत्र पुटपुटतो आणि निळा स्वार तांबडा होतो. दख्खनच्या सरदाराला मंत्र लागत नव्हता, मनसब पुरत होती.

आपले इतिहासाचे सर हे एका वाक्यात सांगायचे: “सुलतान कोण हे पाठ करा, पण त्याचा पगार कोण खात होते तेही विचारा.” परीक्षेत हा प्रश्न आला नाही, म्हणून आपण ते सोडून दिले. सर, हे वाचत असाल तर उत्तर पंचवीस वर्षांनी देतो आहे.

खेळ बनवणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांना दोन्ही बाजू तुल्यबळ ठेवायच्या असतात, नियम सोपे करायचे असतात. शिवाय रंगांची वाटणी आपणही केली होतीच, आणि तीही संगणक येण्याच्या आधी.

मधल्या सुट्टीत आपण मैदानावर ‘मराठे-मोगल’ खेळायचो. आपल्या वर्गातला एक मित्र दर वेळी मोगल असायचा. त्याला कुणी विचारायचे नाही. नाव घेतले की बाजू ठरली. पुढे सायबर कॅफेत पहिल्या दिवशी मीच त्याला म्हणालो, “तू सारासेन घे.” तो म्हणाला, “नको, मी वायकिंग घेतो, मला जहाजं पाहिजेत.” त्या नकाशावर समुद्रच नव्हता. तो हरला आणि पुढच्या डावालाही त्याने वायकिंगच घेतले. आपण पोट धरून हसलो. तो का हट्ट धरून बसला होता, हे मला चाळिशीत, भातवडीचे वाचताना उमगले. ज्या मैदानावर भोसले हबशी सेनापतीच्या शेजारी उभे होते, त्या इतिहासाच्या नावाने आपण दहा वर्षांच्या पोराला रोज पलीकडे उभे करत होतो. मित्रा, ती चूक माझी होती. समोरासमोर बोलताना जीभ अडखळेल, म्हणून इथे लिहितो आहे.

स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी संयोजकांनी दौलताबादची सहल ठेवली आहे. माझी विनंती आहे की बस तशीच खुलताबादपर्यंत न्यावी. तिथे मलिक अंबरची कबर आहे. सातवीच्या सहलीत आपण तिथे उतरलो नव्हतो. संध्याकाळी कुणाला डाव मांडायची हौस आली तर मुलगा लॅपटॉप द्यायला तयार आहे. समुद्र असलेला नकाशा मी निवडून ठेवला आहे.