खेळतंय काय?

बेळगाव-निपाणी पट्ट्यात आजारी पोराची चौकशी दोन प्रश्नांत होते. जेवतंय काय? खेळतंय काय? रिपोर्ट, एक्स-रे हे सगळं मागाहून. यातल्या दुसऱ्या प्रश्नाला वैद्यकात मोजमापाचा मान मिळाला तो मात्र फार उशिरा, आणि तोही कामाच्या वाटेनं.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड कार्नोफ्स्की कॅन्सरच्या रुग्णांवर नायट्रोजन मस्टर्ड हे औषध वापरून पाहत होते. गाठ लहान झाली की नाही एवढ्यानं त्यांचं समाधान होईना. माणूस उठून हिंडू-फिरू लागला का, हेही त्यांना टिपायचं होतं. म्हणून त्यांनी शून्य ते शंभर अशी पट्टी केली. शंभर म्हणजे ठणठणीत, शून्य म्हणजे मृत्यू. सत्तर म्हणजे स्वतःचं स्वतः करतो, पण कामधंदा जमत नाही. मोठ्या माणसाला ही पट्टी चपखल बसली. पण तीन वर्षांच्या पोराचा कामधंदा कोणता?

शर्ली लान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७मध्ये याचं उत्तर छापलं : खेळ. कॅन्सर झालेल्या एक ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी त्यांनी कार्नोफ्स्कीचीच पट्टी खेळाच्या भाषेत मांडली. पन्नास गुण म्हणजे कपडे घालून तयार होतं, पण दिवसाचा बराच वेळ पडून राहतं. पळापळीचा खेळ नाही, बसल्या जागचे सगळे चालतात. आणि गुण द्यायचे आईबापांनी. मला या मोजपट्ट्यांच्या सगळ्या कुळात हीच पायरी सर्वांत मोठी वाटते, कारण घरात चोवीस तास पाहणाऱ्याचा शब्द इथं आकड्यात धरला गेला.

तरी हे बाहेरून पाहणंच झालं. दरम्यान ल्युकेमियासारख्या आजारातून मुलं वाचू लागली होती, त्यामुळे किती जगलं याच्या जोडीला कसं जगतंय हे विचारणं भाग पडलं. जेम्स वार्नी यांची ‘पेड्स-क्यूएल’ प्रश्नावली १९९९ची. तिच्या पुढच्या आवृत्तीत शरीर, मन, सवंगडी, शाळा मिळून २३ प्रश्न. ‘कधीच त्रास नाही’ला शंभर गुण, ‘जवळजवळ नेहमीच’ला शून्य. पाच ते सात वर्षांच्या मुलापुढे तीन चेहरे ठेवायचे, हसरा, मधला आणि रडवेला; त्यानं बोट ठेवायचं. दोन ते चार वर्षांच्या मुलाला मात्र कुणी विचारत नाही. त्याचे २१ प्रश्न पालकच सोडवतात. नेदरलँड्समध्ये २०००च्या सुमारास एक ते पाच वर्षांच्या मुलांसाठी वेगळी प्रश्नावली झाली, तीही पालकांच्याच तोंडून.

पेड्स-क्यूएलच्या त्या एकवीसांत एक प्रश्न खेळणी आवरायला मदत करण्याचा आहे. आवरण्याइतकी खेळणी असतील तर!

या मोजपट्ट्या बाहेरच्या असल्या, तरी बेळगावला लहान मुलं मोजायची सवय नवी नाही. जन्मतः गुदमरलेल्या बाळांवरच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात केएलई संस्थेच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचा वाटा होता. पाकिस्तान आणि झांबियाही सोबत होते. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत प्रशिक्षित बाई पंधरवड्यानं घरी यायची आणि बाळाशी कसं खेळावं, बोलावं हे आईला शिकवायची. २०१३मध्ये छापलेल्या निष्कर्षांत अशी शिकवण मिळालेल्या घरांतल्या मुलांची बौद्धिक वाढ सरस निघाली. पण तिथली मोजपट्टी नॅन्सी बेली यांची, म्हणजे मुलाला काय जमतं याची. मूल मजेत आहे का, हा तिचा विषयच नव्हे.

मजेत आहे का हे दुसऱ्यानं सांगायचं, तर घोळ होतोच. चालणं, पळणं, दुखणं याबद्दल पालक आणि मूल यांची उत्तरं बऱ्यापैकी जुळतात; मनातल्या गोष्टींत फाटा फुटतो, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. आपल्या एकत्र कुटुंबात तर ‘पालक’ कोण, इथूनच सुरुवात. आई निपाणीत विड्या वळायला बसलेली, एक दिवस मोडला तर मजुरी बुडते. मग दवाखान्यात पोराला घेऊन आजी येते. आजी म्हणणार, “चांगलं खेळतंय की वो.” रात्री ते किती वेळा उठतं, हे आईला ठाऊक.

थॅलेसेमियाच्या मुलाचं आणखी वेगळं. त्याला साधारण दोन ते पाच आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. चढवल्यावर दोन-चार दिवसांत ते अंगणभर धावतं, पुढची तारीख जवळ आली की भिंतीला टेकून बसतं. पेड्स-क्यूएलची नेहमीची प्रश्नावली मागच्या अख्ख्या महिन्याचं विचारते आणि हा चढउतार एका सरासरीत बुडतो. सात दिवसांचं विचारणारी आवृत्ती आहे. तिच्यात कोणता आठवडा धरला यावर सगळं ठरतं. फॉर्म कुणी भरला आणि रक्त चढवून किती दिवस झाले, हे दोन रकाने मी तर त्या २१ प्रश्नांच्याही वर छापले असते.