ध्वनिसंपीडन : श्रवणभेद
ध्वनिमुद्रणाची फाइल लहान करण्याच्या दोन पद्धती आहेत. फ्लॅकसारख्या (२००१) लॉसलेस पद्धतीत मूळ ध्वनी जसाच्या तसा परत मिळतो. एमपी३मध्ये मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा भाग गाळतात. सीडीला सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात, एमपी३ला बहुधा १२८ ते ३२०.

फरक कळतो का, हे कोणती फाइल वाजते आहे ते न सांगताच तपासावे लागते. एबीएक्स चाचणीत ‘अ’ आणि ‘ब’ ऐकवून ‘क्ष’ त्यांतला कोणता, ते पुनःपुन्हा ओळखायला लावतात. २५६-३२० किलोबिटची चांगली फाइल बहुतेकांना मूळ ध्वनीपासून वेगळी काढता येत नाही. १२८ला वाद्यानुसार येते. तीव्र आघाताची वाद्ये आधी उघडी पडतात. भंडारा जिल्ह्यातल्या शाहिरांच्या खडी गंमत या लोकनाट्यातला मंजिरा यासाठी उत्तम कसोटी ठरावा: ठोक्याआधीच्या शांततेत बारीक खरखर पसरते, तिला पूर्वप्रतिध्वनी म्हणतात. मात्र भोंग्यासमोर मोबाइलवर केलेले मुद्रण लॉसलेस साठवूनही सुधारत नाही. शाहिरांच्या मुद्रणांची मूळ प्रत तरीही लॉसलेसच ठेवावी. गाळलेला ध्वनी परत येत नाही, आणि प्रत्येक नव्या संपीडनात आणखी गळतो.