भुशातला बर्फ

ठाण्याजवळच्या दिवा गावातील एखादा विद्यार्थी विज्ञान-प्रदर्शनासाठी खोक्यात खोके बसवून मधल्या पोकळीत भाताचे तूस ठासतो आणि आतला बर्फ किती वेळ तग धरतो हे घड्याळ लावून पाहतो, तेव्हा ज्या युक्तीचा तो आश्रय घेतो तिचा पूर्वेतिहास जवळच्याच मुंबई बंदराशी निगडित आहे. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांतून कापलेल्या बर्फाच्या लाद्या लाकडी भुशात गच्च रचून 1833 साली कलकत्त्यास आणि पुढल्याच वर्षी मुंबईस धाडल्या. कलकत्त्याच्या पहिल्या खेपेत, विषुववृत्त दोनदा ओलांडूनही, 180 टनांपैकी सुमारे 100 टन माल शाबूत उतरला. या बर्फामुळे मुंबईचे व्यापारी सर जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि यजमानांसह पाहुण्यांना पडसे झाले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असावी, असे वाटते खरे.

भुसा मुळात थंड नसतो, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही: त्याच्या कणांत कोंडलेली हवा निश्चल राहते म्हणून उष्णतेची वाट अडते, आणि तो भिजला की हा गुण ओसरतो, म्हणूनच वितळलेल्या पाण्यास बाहेर काढण्याची तजवीज अवश्य असे.

दिव्याजवळच्या खाडीकाठच्या कोळी-आगरी वस्त्यांत मासळीला आज थर्माकोलची पेटी लागते. भातशेतीच्या या भूमीत तूस मात्र पूर्वापार आहे, आणि सिलिकामुळे ते सहसा कुजत नाही. तूस भरलेली पेटी हरते ती बहुधा झाकणाच्या फटीपाशी.