वर्तमानपत्रात छापलेले ‘अज्ञात’ खेळाडू

स्पाइक लीचा ‘माल्कम एक्स’ आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो. त्याच दिग्दर्शकाचा १९८९चा ‘डू द राइट थिंग’ मात्र तुलनेने कमी लोकांनी पाहिलाय. त्यात भला मोठा टेपरेकॉर्डर घेऊन ब्रुकलिनच्या गल्लीत फिरणारा रेडिओ रहीम नावाचा तरुण आहे. पोलिस गळा आवळून त्याचा जीव घेतात. ही भूमिका करणाऱ्या नटाचं नाव बिल नन. पुढे ‘स्पायडरमॅन’मध्ये त्याने वर्तमानपत्राच्या संपादकाची भूमिका केली. त्याचे वडील आणि आजोबा दोघेही खरोखरच वर्तमानपत्राचे संपादक होते. मला इथे लिहायचंय ते वडिलांविषयी. त्यांचंही नाव बिल नन.

‘पिट्सबर्ग कुरिअर’ हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं एक मोठं साप्ताहिक. १९०७ साली सुरू झालेलं हे पत्र देशभर जायचं. दुसऱ्या महायुद्धात ‘डबल व्ही’ म्हणजे दुहेरी विजयाची मोहीम याच पत्राने चालवली : परदेशात फॅसिझमवर आणि घरात वर्णद्वेषावर. जॅकी रॉबिन्सनला बेसबॉलमध्ये जागा मिळावी म्हणून लिहिणारा वेंडेल स्मिथ हाही कुरिअरचाच क्रीडा पत्रकार. नन १९४८ साली वेस्ट व्हर्जिनिया स्टेट कॉलेजातून पदवी घेऊन इथे आले. ते स्वतः उत्तम बास्केटबॉल खेळत. क्रीडा संपादक झाले आणि पुढे वडिलांच्याच व्यवस्थापकीय संपादकाच्या खुर्चीवर बसले.

त्यांच्याकडे दरवर्षी एक काम असे. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांमधल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूंचा संघ निवडून तो छापायचा.

फुटबॉल म्हणजे इथे आपला फुटबॉल नव्हे. शिरस्त्राण घालून, लंबगोल चेंडू हातात धरून धावायचा आणि अंगावर येणाऱ्यांना भिडायचं, असा तो अमेरिकन खेळ. तिथे व्यावसायिक संघ खेळाडू घेतात ते विद्यापीठांतून. वर्षातून एकदा ‘ड्राफ्ट’ होतो. संघ पाळीपाळीने एकेक नाव पुकारतात. फेरीमागून फेरी जाते. पहिल्या फेरीतला मुलगा श्रीमंत होतो, शेवटच्या फेऱ्यांतल्याला संघात टिकण्यासाठी झगडावं लागतं आणि ज्याचं नावच पुकारलं जात नाही त्याने दुसरी नोकरी बघायची. म्हणून संघांची माणसं वर्षभर स्टॉपवॉच घेऊन गावोगाव हिंडतात. यांना ‘स्काउट’ म्हणतात.

आता नकाशा बघा. दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्यांची विद्यापीठं कृष्णवर्णीयांना दारात उभं करत नव्हती. त्यामुळे ती मुलं ग्रॅम्ब्लिंग, सदर्न, टेक्सास सदर्न, साउथ कॅरोलायना स्टेट अशा स्वतंत्र कॉलेजांत जायची. व्यावसायिक लीगचीही हीच तऱ्हा. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९४९ साली ग्रॅम्ब्लिंगचा टँक यंगर लॉस एंजेलिस रॅम्समध्ये आला, तोही ड्राफ्टमधून नाही, मागच्या दाराने. वॉशिंग्टनच्या संघाने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरवायला १९६२ साल उजाडू दिलं.

या मुलांविषयी लिहिताना इंग्रजी पुस्तकांत ‘दडलेले हिरे’ असा शब्दप्रयोग हमखास येतो. मला तो पटत नाही. दडलेलं काय होतं? नावं, कॉलेज, कोण कुठल्या जागेवर खेळतो, सगळं दरवर्षी छापून येत होतं. पत्र उघडपणे विकलं जात होतं आणि त्याची कचेरी पिट्सबर्ग स्टीलर्स या संघाच्याच शहरात होती! १९३३ साली स्थापन झालेल्या या संघाला पहिल्या चाळीस वर्षांत एकदाही अजिंक्यपद मिळालं नव्हतं. एवढ्या हरणाऱ्या संघालाही आपल्याच गावातलं एक पत्र उघडून बघावंसं वाटलं नाही.

साठच्या दशकात मालकाचा मुलगा डॅन रूनी याच्या लक्षात ही यादी आली. त्याने चौकशी केली, तेव्हा कळलं की ननसाहेब स्टीलर्सवर नाराज आहेत. भेट झाली. ननने त्याच्या तोंडावर सांगितलं की इतकी वर्षं मी हा संघ निवडतोय, तुमच्याकडून कधी कुणी विचारायला आलं नाही. रूनीने वाद घातला नाही, नोकरी देऊ केली. १९६७पासून नन अर्धवेळ आणि पुढे पूर्णवेळ स्टीलर्ससाठी काम करू लागले.

मात्र हे आधी ओळखलं ते दुसऱ्याच एका संघाने. १९६० साली एनएफएलला प्रतिस्पर्धी म्हणून एएफएल ही नवी लीग निघाली होती. नव्या दुकानाला माल हवा असतो. जुन्या दुकानदाराने नाकारलेलाही चालतो. तिथल्या कॅन्सस सिटी चीफ्सने लॉईड वेल्स या ह्यूस्टनच्या कृष्णवर्णीय पत्रकाराला स्काउट नेमलं. १९६४च्या अखेरीस प्रेअरी व्ह्यू कॉलेजच्या ओटिस टेलरला एनएफएलच्या माणसांनी डॅलसजवळच्या मोटेलात जवळपास नजरकैदेत ठेवलं होतं. वेल्सने त्याला रात्री खिडकीतून बाहेर काढून नेलं. हाच वेल्स नंतर मुहम्मद अलीच्या गोतावळ्यात दिसतो. त्याच्यावर कुणीतरी वेगळं लिहायला हवं. दोन संघ, दोन स्काउट आणि दोघेही कृष्णवर्णीय पत्रांतले पत्रकार, हा मला योगायोग वाटत नाही. कॉलेजांचे प्रशिक्षक त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होते. गोरा स्काउट आला तर एखादा सामना बघून जाई. नन मात्र प्रशिक्षकाच्या घरी जेवून, मुलाच्या घरची हालहवाल ऐकून येत.

परिणाम ड्राफ्टच्या नोंदींत दिसतो. १९६९मध्ये दहाव्या फेरीत आर्कान्सॉचा एल. सी. ग्रीनवूड. १९७०मध्ये तिसऱ्या फेरीत सदर्नचा मेल ब्लाउंट. १९७१मध्ये आठव्या फेरीत टेक्सास सदर्नचा अर्नी होम्स. स्टीलर्सच्या ज्या चौघांच्या बचावाला ‘पोलादी पडदा’ म्हणत, त्यातले ग्रीनवूड आणि होम्स हे दोघे या कॉलेजांचे. ब्लाउंट तर प्रतिस्पर्ध्यांना असा जखडून ठेवायचा की १९७८ साली लीगला नियम बदलावा लागला.

१९७४ची हकीकत पिट्सबर्गमध्ये इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिला थोडं पॉलिश चढलं असणारच. जॉन स्टॉलवर्थ हा चेंडू झेलणारा मुलगा मूळचा अलाबामातल्या टस्कलूसा गावचा. याच गावात अलाबामा विद्यापीठ आहे, देशातल्या सर्वांत नामांकित फुटबॉल संघांपैकी एक. त्या विद्यापीठाच्या संघात १९७१पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळला नव्हता. स्टॉलवर्थ हंट्सव्हिलच्या अलाबामा ए अँड एम कॉलेजात गेला. तिथे स्काउटांनी ओल्या मैदानावर त्याची धाव मोजली. वेळ सुमार आली आणि सगळे पुढच्या गावाला निघाले. ननने बरं नसल्याचं सांगून मुक्काम वाढवला. मंडळी गेल्यावर त्यांनी स्टॉलवर्थला कोरड्या जागेवर पुन्हा पळवलं. काटा वेगळंच बोलला! कॉलेजकडून आणलेली त्याच्या सामन्यांची फिल्मही म्हणे त्यांनी लवकर परत केली नाही. प्रशिक्षक चक नोल यांना त्याला पहिल्याच फेरीत घ्यायचं होतं. थांबा, बाकीच्यांना हा ठाऊक नाही, असा सल्ला त्यांना मिळाला. लिन स्वान पहिल्या फेरीत, जॅक लॅम्बर्ट दुसऱ्या, स्टॉलवर्थ चौथ्या, माइक वेब्स्टर पाचव्या फेरीत. चौघेही पुढे ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले. एकाच ड्राफ्टमधून एका संघाला अशी चार नावं दुसऱ्या कुणाला मिळालेली नाहीत.

त्या वर्षी सतरा फेऱ्यांत ४४२ नावं पुकारली गेली. त्यात साउथ कॅरोलायना स्टेटच्या डॉनी शेलचं नाव नव्हतं. ड्राफ्टनंतर तो स्टीलर्सकडे आला आणि चौदा हंगाम खेळला. जानेवारी १९७५मध्ये संघाने पहिला सुपर बोल जिंकला. त्यानंतरच्या पाच वर्षांत आणखी तीन.

या कहाणीचा एक भाग जल्लोषात हरवतो. सत्तरच्या दशकात गोऱ्यांच्या विद्यापीठांनी दारं उघडली, हे व्हायलाच हवं होतं. पण मग गुणी मुलं शाळेतूनच तिकडे जाऊ लागली. तिथे पैसा, टीव्ही आणि मोठी मैदानं होती. ग्रॅम्ब्लिंगसारखी कॉलेजं, जिथे कुणी बघत नसताना ही मुलं घडली, ती मागे पडली. ननने आयुष्यभर जी यादी केली, तिचा झराच आटला.

नन २०१४ साली वारले. ऑगस्ट २०२१मध्ये ओहायोतल्या कँटन इथे त्यांना मरणोत्तर ‘हॉल ऑफ फेम’मध्ये घेतलं गेलं. डॉनी शेललाही त्याच शनिवार-रविवारच्या सोहळ्यात मान मिळाला. त्याआधी काही महिने त्या वर्षीचा ड्राफ्ट झाला होता. २५९ नावं पुकारली गेली. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांतलं त्यात एकही नव्हतं.