लोखंडावरचा अमोनिया
* अमोनिया घडताना सर्वांत संथ टप्पा नायट्रोजनच्या रेणूतला तिहेरी बंध तुटण्याचा. गेरहार्ड एर्ट्ल (नोबेल, २००७) यांनी तो जवळजवळ परिपूर्ण निर्वातात, लोखंडाच्या एकेका स्फटिकावर मोजला. १९८५मध्ये स्टोल्त्से व नॉर्स्कोव यांनी अशाच निर्वातातल्या मोजमापांवरून कारखान्यातल्या प्रचंड दाबाखालचा वेग काढला आणि तो प्रत्यक्षाच्या जवळ आला. हे यश खरोखर थक्क करणारे आहे, कारण वेगाचे ऊर्जा-अडथळ्याशी नाते घातांकी असते. ४०० अंश सेल्सिअसला अडथळा मोलमागे अवघे १० किलोज्यूल चुकला, तरी वेग सुमारे सहा पटींनी चुकतो. निव्वळ पुंजयांत्रिकीवरून अडथळा काढताना एवढी चूक सहज होते.