चिंतामणरावांची १,१२,७६९ मतं

१९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीची गोष्ट बहुतेकांना एका दमात सांगता येते. इंदिराबाईंनी काँग्रेसच्या लोकांना ‘अंतरात्म्याचा आवाज’ ऐकायला सांगितलं, त्यांनी आपल्याच पक्षाच्या नीलम संजीव रेड्डींना पाडलं आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले. गोष्ट खरीच आहे, पण अर्धी. उरलेली अर्धी तिसऱ्या उमेदवाराच्या रकान्यात आहे, आणि तो उमेदवार म्हणजे आपले चिंतामणराव देशमुख.

हैदराबादच्या मंडळात हा विषय कशाला, असं कुणी विचारेल. ज्यांच्या निधनामुळे ही निवडणूक झाली ते डॉ. झाकिर हुसेन जन्मले हैदराबादेत. रेड्डी आंध्र प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री, त्यांचा कारभार याच शहरातून चालला. आणि चिंतामणराव निवृत्तीनंतर दुर्गाबाईंबरोबर इथेच स्थायिक झाले, २ ऑक्टोबर १९८२ ला इथेच गेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देणारे अर्थमंत्री म्हणून आपण त्यांच्याविषयी भरभरून बोलतो. १९६९ मात्र कुणी काढत नाही. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचे उमेदवार म्हणून ते उभे होते आणि तिसरे आले, एवढ्यावर विषय संपतो. माझ्या मते तो तिथे सुरू होतो.

आधी घटनाक्रम, थोडक्यात. ३ मे १९६९ ला झाकिर हुसेन यांचं निधन झालं, उपराष्ट्रपती गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. जुलैत बंगळूरला काँग्रेसची बैठक भरली. इंदिराबाईंच्या मनात जगजीवनराम यांचं नाव होतं. संसदीय मंडळानं मात्र बहुमतानं लोकसभेचे सभापती रेड्डी यांना उमेदवारी दिली. कामराज, मोरारजी, स. का. पाटील हे ‘सिंडिकेट’वाले रेड्डींच्या बाजूचे, हे ओघानं आलंच, पण यशवंतराव चव्हाणांनीही मत रेड्डींनाच दिलं. त्यानंतर चक्रं फार वेगानं फिरली. १६ जुलैला मोरारजींकडून अर्थखातं गेलं. १९ जुलैला १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला, त्यावर सही हंगामी राष्ट्रपती गिरींची. दुसऱ्या दिवशी गिरींनी राजीनामा दिला आणि अपक्ष म्हणून रिंगणात उतरले. राष्ट्रपतिपदाचं काम सरन्यायाधीश हिदायतुल्ला पाहू लागले.

गंमत म्हणजे रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही खुद्द इंदिराबाईंची होती. ज्यांचं नाव सुचवलं त्यांनाच पाडायचं, हे उघड कसं करणार? निमित्त पुरवलं काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी. ते जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना भेटले. तुमचं पहिलं मत देशमुखांना द्या, दुसरं रेड्डींना, असा तो हिशेब. झालं! जगजीवनराम आणि फक्रुद्दीन अली अहमद यांनी पत्र लिहून खुलासा मागितला, मोकळेपणानं मत देऊ द्या म्हणाले, आणि पंतप्रधानांनी पक्षादेश काढायला नकार दिला. तिकडे कम्युनिस्टांचे दोन्ही पक्ष, द्रमुक, अकाली, मुस्लिम लीग गिरींच्या मागे उभे राहिले होतेच.

या सगळ्यात चिंतामणरावांची जागा जरा विचित्रच होती. रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली १९४९ मध्ये, तेव्हा गव्हर्नर ते. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली १९५५ मध्ये आणि आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं १९५६ मध्ये, तेव्हा अर्थमंत्री ते. आणि बँकांच्या राष्ट्रीयीकरणावरून देश तापलेला असताना ते उमेदवार होते राष्ट्रीयीकरणाच्या कडव्या विरोधकांचे! १९५२ मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर गेले तेही काँग्रेसकडूनच. मतदारांनी पक्षाची रेघ ओलांडली म्हणून आपण बोलतो. इथे उमेदवारच ती ओलांडून उभा होता.

आता आकडे. आमचा मूळ धंदा इंजिनिअरिंगचा, त्यामुळे आठवणी आणि आत्मचरित्रांपेक्षा मला बेरजेवर जास्त भरवसा वाटतो.

या निवडणुकीत मत म्हणजे एक हात, एक मत असं नसतं. राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेच्या जागांनी आणि मग १००० नं भागायचं, येईल ती त्या राज्यातल्या एका आमदाराच्या मताची किंमत. १९६१ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या आंध्र प्रदेशच्या आमदाराचं मत १२५, महाराष्ट्राचं १४६, उत्तर प्रदेशचं १७४. खासदार कुठलाही असो, त्याचं ५७६. मतपत्रिकेवर पसंतीचे क्रम लिहायचे. पहिल्या फेरीत कुणाला निम्म्याहून जास्त मिळाली नाहीत, तर तळाचा उमेदवार बाद करायचा आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती वर द्यायची. मतदान गुप्त असतं.

१६ ऑगस्टला मतदान झालं, २० तारखेला मोजणी. उमेदवार तब्बल १५. वैध मतं ८,३६,३३७, म्हणजे जिंकायला हवीत ४,१८,१६९. पहिल्या पसंतीची मतं अशी: गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. उरलेल्या १२ जणांत मिळून ८,५०५. त्यातल्या पाच जणांना भोपळा. या बारा जणांत पां. ना. राजभोज हे आणखी एक मराठी नाव आहे, त्यांना ८३१ मतं पडली.

जाता जाता एक छंदिष्टपणा. मतदान गुप्त असलं तरी लहान आकडे चुगली करतात. खूबीराम नावाच्या उमेदवाराला ९४ मतं आहेत, आणि आसामच्या एका आमदाराची किंमत बरोबर ९४ येते. दोघा उमेदवारांना प्रत्येकी १२५: एकेक आमदार आंध्रचा किंवा पश्चिम बंगालचा, कारण त्यांची किंमतही १२५ च. एकाला ५७६ आहेत. खासदार असावा असं वाटतं, पण तमिळनाडूच्या आमदाराचं मत १४४ आणि चार चोक ५७६, तेव्हा छातीठोकपणे काही सांगता येत नाही.

मुद्द्यावर येतो. किती काँग्रेसवाले फुटले? नेमका आकडा निघणं शक्य नाही, पण एक मोजपट्टी आहे. १९६७ मध्ये काँग्रेसचे उमेदवार झाकिर हुसेन यांना ४,७१,२४४ मतं पडली होती. दोन वर्षांनी काँग्रेसच्याच अधिकृत उमेदवाराला पहिल्या पसंतीची ३,१३,५४८. फरक १,५७,६९६. ही मोजपट्टी जरा ढिली आहे, हे मान्य. १९६९ च्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेश, बिहार, पंजाब आणि पश्चिम बंगालमध्ये मध्यावधी निवडणुका होऊन विधानसभा बदलल्या होत्या, आणि झाकिरसाहेबांचा मानही वेगळा होता. तरी दीड लाखाची घसरण नुसत्या मध्यावधीनं होत नाही. ही मोठी फूट, आणि इतिहासात नोंद आहे ती हिचीच.

पण एवढ्यानं गिरी निवडून आले नव्हते. जिंकायला त्यांना अजून १६,६५४ मतं हवी होती, आणि समोर देशमुखांच्या लाखावर मतपत्रिका मोजायच्या राहिल्या होत्या. निजलिंगप्पांचा हिशेब शंभर टक्के उतरला असता तर या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती रेड्डींची असायची. नुसती देशमुखांची मतं धरली तरी ३,१३,५४८ अधिक १,१२,७६९ म्हणजे ४,२६,३१७. रेड्डी राष्ट्रपती झाले असते, आणि काँग्रेसमधली एवढी मोठी फूटही फुकट गेली असती.

प्रत्यक्षात शेवटच्या फेरीनंतर गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. गिरींची ८७,९६७ मतांची आघाडी १४,६५० वर आली. म्हणजे गिरी ‘दुसऱ्या पसंतीच्या मतांनी तरले’ असं जे सरसकट लिहिलं जातं ते ऐकून वाटतं तसं नाही. ती मतं भरघोस पडली रेड्डींच्याच पारड्यात. रेड्डींना वरून ९१,८७९ मिळाली, गिरींना १८,५६२. पण ही १८,५६२ कुणाची? बाकीच्या बारा जणांची सगळी ८,५०५ मतं गिरींना गेली असं धरलं तरीसुद्धा किमान १०,०५७ मतं देशमुखांच्या गठ्ठ्यातून गिरींकडे गेलेली दिसतात. ती रेड्डींकडे वळली असती तर गिरी ४,१०,०२० आणि रेड्डी ४,१५,४८४.

काँग्रेसची रेघ ओलांडणारे अंतरात्म्याचे मानकरी ठरले, त्यांची नावं चर्चेत आली, नोव्हेंबरात पक्ष फुटला तेव्हा त्यांच्या बाजूही स्पष्ट झाल्या. यशवंतराव तर बंगळूरला रेड्डींच्या बाजूनं होते, तेही शेवटी इंदिराबाईंबरोबर राहिले. पण देशमुखांना पहिलं मत देऊन दुसरं गिरींना देणारे जे विरोधी बाकांवरचे लोक, त्यांची आठवण कुणालाच नाही. एका खासदाराची ५७६ धरली तर १०,०५७ म्हणजे साधारण साडेसतरा खासदार. आमदार धरले तर पाऊणशेच्या आसपास. एवढ्या लोकांनी ठरलेला सौदा मोडला. बँकांच्या राष्ट्रीयीकरणानं लोकमत फिरलं म्हणून, सिंडिकेटचा राग म्हणून, की काँग्रेस फुटलेलीच बरी म्हणून? मला तिसरं कारण जास्त पटतं. दुसऱ्याचं घर दुभंगत असेल तर त्याला टेकू कोण देणार! राजकारणात अंतरात्मा बऱ्याचदा हिशेब करूनच बोलतो, आणि हे दोन्ही बाजूंना लागू आहे.

निकाल कोर्टातही गेला. रेड्डींची बदनामी करणारं पत्रक खासदारांमध्ये वाटलं गेलं होतं, त्यावरून याचिका झाल्या. १९७० मध्ये गिरी राष्ट्रपतिपदावर असताना स्वतः सर्वोच्च न्यायालयात साक्षीला गेले. याचिका फेटाळल्या गेल्या. पुढे १९७४ मध्ये कायदा बदलून दहा सूचक, दहा अनुमोदक आणि अनामत रक्कम सक्तीची झाली, म्हणजे भोपळेवाले उमेदवार कमी व्हावेत. रेड्डींचं म्हणाल तर १९७७ मध्ये आंध्रातून काँग्रेसचे ४१ खासदार आले आणि जनता पक्षाचा एकटा, तो नंद्यालहून संजीव रेड्डी. त्याच वर्षी ते राष्ट्रपती झाले, तेही बिनविरोध.

राहिले चिंतामणराव. त्यांना दुसऱ्यांच्या डावातलं प्यादं म्हणणारे आहेत. आकडे पाहिले तर म्हणणं अगदीच चूक नाही: त्यांच्या मतांपैकी ७४ ते ८१ टक्के मतं ठरल्याप्रमाणे रेड्डींकडे गेली, म्हणजे ती त्यांच्याकडे ठेवीसारखीच होती. पण शेवटच्या फेरीत दोघांची बेरीज होते ८,२५,५०४. वैध मतांतून ती वजा केली की १०,८३३ मतं उरतात, जी ना गिरींकडे गेली ना रेड्डींकडे. या मतपत्रिकांवर दोघांपैकी कुणाचंच नाव पुढे नव्हतं. यातली किरकोळ उमेदवारांची जास्तीत जास्त ८,५०५ वजा केली, तरी २,३२८ मतं अशी राहतात की ज्यांना फक्त देशमुखच हवे होते, पुढचा सौदा नको होता. खासदारांच्या हिशेबात चार, आणि वर थोडी.