मिशनरी नव्हे, मिशनरी कुटुंब

तुम्ही घाटकोपर, भांडुप किंवा मुलुंडला राहत असाल, तर एल.बी.एस. मार्गाच्या ट्रॅफिकमध्ये कधी ना कधी अडकला असालच. हाच जुना आग्रा रोड. दोनशे वर्षांपूर्वी मुंबई बेटावरून खुष्कीने ठाण्याला जायचं, तर शीवचा बांध ओलांडून, कुर्ल्यावरून, साधारण याच दिशेने जावं लागे. १८१८ साली जॉन निकोल्स नावाचा अमेरिकन मिशनरी बायकोसह ठाण्यात राहायला गेला. त्याच्याबरोबर त्याच जहाजाने आलेलं ग्रेव्ह्ज दांपत्य माहीमला राहिलं. माझ्या प्रबंधाचा विषय ‘अमेरिकन मराठी मिशन’ असा दिसतो खरा, पण मी जे वाचतोय ते बरंचसं या संसारांबद्दल आहे.

थोडं मागे जाऊ. फेब्रुवारी १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावी पाच तरुणांना दीक्षा मिळाली. त्यांतल्या तिघांची लग्नं त्याच महिन्यात, जहाज सुटण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी लागली. म्हणजे या बायकांचा संसार सुरू झाला तो बोटीवर. हॅरिएट न्यूवेल तेव्हा अठरा वर्षांची होती. ईस्ट इंडिया कंपनीने कलकत्त्यात त्यांना उतरू दिलं, पण राहू दिलं नाही. मिशनऱ्यांमुळे एतद्देशीय लोक बिथरतील आणि व्यापाराला धक्का लागेल, अशी कंपनीची भीती. त्यात त्याच वर्षी अमेरिका आणि इंग्लंडचं युद्ध पेटलेलं, त्यामुळे हे लोक नुसते मिशनरी राहिले नाहीत, शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले. न्यूवेल पतिपत्नी मॉरिशसकडे निघाली. वाटेत समुद्रावर हॅरिएट बाळंत झाली, बाळ गेलं, आणि ३० नोव्हेंबर १८१२ ला, एकोणिसाव्या वर्षी, तीही गेली.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल व रोक्साना नॉट हे तिघे मात्र फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत पोहोचले. इथेही हद्दपारीचा हुकूम आलाच. तेव्हा हॉल आणि नॉट गुपचूप गलबतात बसून कोचीनला पळाले. रोक्साना मुंबईतच राहिली. या पलायनाची गोष्ट मिशनच्या इतिहासात मोठ्या धाडसाची म्हणून सांगितली जाते. मला मात्र प्रश्न पडतो तो परक्या शहरात, सरकारी रोषाखाली, एकटी मागे राहिलेल्या या बाईच्या त्या दिवसांचा. पुढे दोघांना पकडून परत आणलं. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांचा सूर हळूहळू मवाळ झाला, १८१३च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना दार किलकिलं झालं आणि राहण्याची परवानगी मिळाली. पण प्रकृतीने साथ दिली नाही, म्हणून १८१५ मध्ये नॉट कुटुंब परत गेलं.

आता तुम्ही विचाराल, बायकोला घेऊन येण्याचा एवढा अट्टहास कशाला? बोर्डाचं गणित दुहेरी होतं. ख्रिस्ती घर कसं असतं हे लोकांना प्रत्यक्ष दिसावं. आणि इथल्या घरांत बायकांपर्यंत पुरुष पोहोचू शकत नाही, तिथे बाईच हवी. म्हणजे काम तिच्याकडून हवंच होतं. पण त्या काळच्या अहवालांत पाहा: नवऱ्याचं पूर्ण नाव, आणि ती ‘मिसेस निकोल्स’.

(जाता जाता: साष्टीत ख्रिस्ती घर ही काही नवलाची गोष्ट नव्हती. वांद्रे, मरोळ इथे पोर्तुगीज काळापासून कॅथलिक वस्ती होती, घरात मराठीची बोली बोलणारी. या प्रोटेस्टंट मंडळींना ते ख्रिस्तीपण पुरेसं वाटत नव्हतं, हा भाग वेगळा.)

या गणितात सगळ्यात बोलकी गोष्ट फिलोमेला थर्स्टनची. १८१८ मध्ये निकोल्स-ग्रेव्ह्जबरोबर ती अविवाहित आली आणि पोहोचल्यावर महिन्याभरातच तिचं लग्न लागलं, हॅरिएटच्या मागे विधुर राहिलेल्या सॅम्युएल न्यूवेलशी. १८२१ मध्ये न्यूवेल कॉलऱ्याने गेला. तिने मग मिशनचा मुद्रक जेम्स गॅरेट याच्याशी लग्न केलं. १८३१ मध्ये तोही वारला, आणि ती अमेरिकेला परतली. हे वाचून पहिल्यांदा आपल्याला चमत्कारिक वाटतं. पण नीट पाहिलं तर लक्षात येतं की मिशनमध्ये बाईची जागा ही पत्नीची जागा होती. नवरा गेला की परत जायचं, नाहीतर पुन्हा लग्न. यात प्रेम नसेलच असं मी म्हणत नाही. पर्याय किती होते, एवढंच मोजतोय.

ठाण्याचा निकोल्स १८२४ मध्ये वारला. गॉर्डन हॉलने मुंबईतच एका इंग्रज बाईशी, मार्गारेट लुइसशी, लग्न केलं होतं. १८२५ मध्ये ती दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली, तर एक मुलगा वाटेतच गेला. हॉल इथेच राहिला. मार्च १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्याने त्याचा मृत्यू झाला. मराठी नवा करार मिशनच्या छापखान्यातून पूर्ण होऊन निघाला, ते हेच वर्ष. छापखाना आणि शाळा आपल्या पाठ्यपुस्तकांत आहेत. त्या कामाला लागलेली घरं किती वेळा मोडली, हे मात्र त्यात नाही.

१८२७ मध्ये सिंथिया फरार नावाची शिक्षिका मुंबईत उतरली. तीही एकटीच आली होती, पण तिने लग्न केलं नाही. मुलींच्या शाळा चालवल्या, आधी मुंबईत, मग अहमदनगरला. तिची तिथली शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती, हे तुम्ही कदाचित वाचलं असेल. १८६२ मध्ये ती अहमदनगरलाच वारली. मिशनच्या कागदांत शेवटपर्यंत ती ‘मिस फरार’ होती.